नावांचा अध्याय

बंदरावरच्या कारखान्यात दिवसभर कॉड सोलून
मी घरी येते तेव्हा बोटं माझी नसतात.
खिडकीशी पापा, मांडीवर बायबल,
उघडलेलं, कालच्याच पानावर.
डोळे गेले त्याला तीन हिवाळे झाले,
तरी पान ते बोटानं दाबून ठेवतात,
कुणासाठी तरी जागा धरून बसावं तसं.

रोज एक अध्याय. सुटी नाही.
वादळात वीज गेली तर मेणबत्ती,
मला ताप आला तर शेजारची रान्व्हा.
माझ्या भावाच्या, हानुसच्या बोटीचा पत्ता लागेना
त्या रात्रीसुद्धा पापांनी अध्याय वाचला.
तेव्हा दिसायचं त्यांना.
मी भांडी घासत होते, मुद्दाम आदळत.
डोळे गेल्यावर वाचन माझ्याकडे आलं.
मी वाचते. नुसती तोंडानं.

या आठवड्यात नावं आली.
अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा फलाणा,
ओळींमागून ओळी, कुळांमागून कुळं,
कोण काय जेवला, कुणावर जीव लावला, काही नाही.
जन्मला, आणि पुढच्याला जागा करून दिली.
‘गाळू का?’ मी विचारलं.
पापा म्हणाले, ‘डोंगरावरून मेंढ्या आणताना
एखादी गाळून येतेस का?’

माझ्या पिशवीत दुसरं एक पुस्तक होतं,
शाळेच्या वाचनालयानं मोडीत काढलेली कादंबरी,
पहिली अकरा पानं गेलेली,
म्हणजे शीर्षक नाही, लेखकही नाही.
आमच्या फेरोत नसते तसली रुंद नदी, आणि एक नावाडी.
तो एकदा एका बाईकडून उताराचे जादा पैसे घेतो
आणि मग एकोणीस वर्षं,
ती परत येईल म्हणून,
शेवटची फेरी उशिरा सोडतो.
चारशे पानांत घडतं ते एवढंच.
जेवणाच्या सुटीत, खारट बोटांनी,
मी ती तीनदा वाचली होती.

गुरुवारी ती नावं अगदी जिवावर आली.
बायबल उघडं ठेवलं, त्यावर कादंबरी ठेवली,
आवाज तोच ठेवला, संथ, रविवारचा,
आणि वाचत गेले: नावाडी दिवा वर धरतो,
पलीकडच्या काठावर कुणी नाही,
तरी तो जरा थांबतो.

पापा हलले नाहीत.
आत बटाट्यांचं पाणी उतू गेलं, वास आला, कुणी उठलं नाही.
संपल्यावर ते नेहमीसारखं ‘आमेन’ म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं,
‘हे आपल्यातलं नाही.’
माझा चेहरा तापला. बरं झालं, यांना दिसत नाही, असं वाटलं,
आणि असं वाटल्याची आणखी लाज.
‘नाही,’ मी म्हटलं.
‘त्या बाईचं नाव काय?’
‘कुठं सांगितलेलं नाही.’
‘म्हणजे हा नावाशिवायच थांबलाय,’ पापा म्हणाले.
‘अवघड काम. उद्या पुढचं वाच.
पण आजचा अध्याय राहिलाय. तो आत्ता.’

साडेदहा वाजले होते.
छपरावरच्या गवतातून वारा काहीतरी हुडकत होता.
मी नावं काढली.
नावाडी डोक्यात होता म्हणून असेल,
एकेका नावाशी थोडी रेंगाळले,
दिवा वर धरल्यासारखी.
आणि बंदरावरचा तो दगड आठवला,
समुद्रानं नेलेल्यांचा, बापाखाली मुलगा, त्याखाली त्याचा मुलगा,
सगळ्यात शेवटी हानुस,
अजून सोनेरी.
तिथंही बाकी काही लिहिलेलं नाही:
की तो बेसूर शीळ घालायचा,
की दुधावरची साय बोटानं काढून मांजरीला द्यायचा,
की माझी सायकल त्यानं नेली ती नेलीच.
रोज त्या दगडापाशी मी मान फिरवून पुढं जाते.

आवाज कुठंतरी अडकला.
पापांनी पानावरचं बोट उचललं,
चाचपडत माझ्या मनगटावर ठेवलं.
‘किती झाली?’
‘चौतीस.’
‘मग?’

पस्तिसावं नाव मला धड म्हणता येईना.
पापांनी ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.